शेरडं घरी कोण आणील

आठव्या प्रश्नापर्यंत माझी काहीच तक्रार नसते. झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमतं का, अंगातला जोर गेल्यासारखं वाटतं का. म्हातारी माणसं गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगतात आणि मी मांडी घालून लिहीत बसते. नववा आला की माझं डोकं उठतं. ‘गेल्या पंधरा दिवसांत जिवाचं बरंवाईट करून घ्यावं असं मनात आलं का?’ आता आमच्या गावात साठीच्या पुढचं कोणतंही माणूस घ्या. उठताना कंबरेत कळ आली तरी ‘देवा, उचल रे बाबा आता’ म्हणणारच. चहात साखर कमी पडली तरी उचल. याचं काय लिहायचं? प्रत्येकाचं ‘हो’ लिहिलं तर अर्धं गाव गाडीत घालून जालन्याच्या दवाखान्यात न्यावं लागेल.

मी मनीषा, गावची आशा कार्यकर्ती. राजूरपासून बारा किलोमीटर आत आमचं गाव. पंधरा वर्षं बाळंतपणं केली, लसी केल्या, डासांच्या अळ्या मोजल्या, आणि दोन वर्षांपासून म्हाताऱ्यांची मनं आली पदरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, बीपीची गोळी घ्या म्हणून हात जोडावे लागतात, तिथं मनाचं कोण ऐकतंय?

आमच्या उपकेंद्रावरच्या अर्पिता मॅडमनी मला वळण लावलं. वय असेल सत्तावीस, पण पोरगी हुशार आणि मायाळू. तिनं सांगितलं, “ताई, ‘देवानं न्यावं’ ही बोलायची रीत असते. तिच्यावर थांबू नका. पुढं विचारा, कसं? कशानं? कुठं? ज्याच्याकडं याचं उत्तर तयार आहे, त्याला एकटं सोडून घरी जायचं नाही. मला फोन करायचा.”

तसं मी विचारायला लागले. तातेराव नानांना विचारलं, “नाना, मरावं वाटतं म्हणता, पण कशानं?” तर म्हणाले, “जिलबी खाऊन.” दोन वर्षांत चाळीस-पंचेचाळीस जणांना विचारलं असेल. कुणी हसलं, कुणी रडलं, एकीनं मला झाडू दाखवला. तयार उत्तर कुणाकडंच नव्हतं.

मग कारभारी आबा निघाले.

चौऱ्याहत्तर वयाचा हा माणूस. तरुणपणी मेंढरं घेऊन आठ-आठ महिने बाहेर असायचा. पुढं मेंढरं गेली, थोडी शेती झाली, आणि शेवटी सात शेळ्या उरल्या. बायको, आसराबाई, गेल्या चैत्रात गेली. डोक्यावर कायम पांढरा पटका, नऊ हातांचा, स्वतःच्या हातानं बांधलेला. गावात कुणी त्यांचं डोकं उघडं पाहिलं नव्हतं. माझे सासरे म्हणायचे, हा गडी आंघोळ पण पटक्यावरूनच करतो.

सोयाबीन निघालेल्या रानात बांधावर बसले होते. शेळ्या धसकटात तोंड घालत फिरत होत्या. मी कागद काढला. आबा एकेका प्रश्नाला विचार करून उत्तर देत होते. झोप नाही. भूक नाही. बोलावं वाटत नाही. नववा मी जरा हळूच विचारला.

“येतं की,” ते म्हणाले. “रोज येतं.”

“देवानं न्यावं, असं?”

“देव कशाला त्या भानगडीत पडतोय?”

“मंग कशानं, आबा?”

त्यांनी खांद्यावरचं दावं मांडीवर घेतलं, शेळ्यांना बांधायचं. “ह्याच्यानं. नाल्याच्या काठाला ती वाकडी बाभूळ हाय ना? तिची दुसरी फांदी. दोन डाव जाऊन पाहून आल्तो. बराबर हाय.”

पेरणी कुठं करायची ते सांगावं तसं सांगत होते.

“मंग काय झालं?” मी कसंबसं विचारलं.

“काय व्हायचंय? सांज होऊन राह्यली व्हती. म्हणलं, शेरडं घरी कोण आणील? बिभीषण गाडीवर, सून कापसात. ही काळी तर माझ्याबिगर पाण्याला तोंड लावत न्हाई. आलो मंग त्यांना घेऊन. रोज तसंच व्हतं. उद्या पाहू म्हणतो.”

मी लिहिलं: हो. कशानं: दावं. कुठं: नाल्याकाठची बाभूळ. कागदावर एवढेच रकाने होते. मॅडमना फोन केला तेव्हाही एवढंच सांगितलं. शेळ्यांचं सांगितलं नाही. लपवलं नाही, ते सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही. माझ्या डोक्यात नुसतं दावं फिरत होतं. मात्र आबांना मी एकटं सोडलं नाही. दिवस कलेपर्यंत बांधावर बसले आणि त्यांच्याबरोबर, सात शेळ्यांच्या मागं, धूळ खात घरी आले. त्या दिवशी मला माझा अभिमान वाटला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि मॅडम त्यांच्या घरी गेलो. आबांचा मुलगा बिभीषण पिकअप चालवतो, लोकांचा माल बाजाराला नेतो. त्याच्याविषयी कुणी वाईट बोलत असेल तर ते खोटं. मॅडमनी सांगायला सुरुवात केली तशी त्याची मान खाली गेली. “आमच्याकडनं काही कमी पडलं का, मॅडम? मी खायाला घालत न्हाई का दादांना?” म्हणाला आणि बाईसारखा रडला. वडिलांना तो दादाच म्हणतो. त्याची बायको शालू दाराआड तोंडाला पदर लावून उभी होती.

मॅडमनी फार चांगलं समजावलं. हा आजार आहे, कुणाचा दोष नाही, औषधानं आणि माणसांनी बरा होतो. मंगळवारी तालुक्याला मनाचे डॉक्टर येतात, त्यांच्याकडं न्यायचं ठरलं. तोवर घरच्यांनी काय करायचं त्याचा छापील कागद तिनं दिला. फवारणीचं औषध घरात ठेवू नका. दोर, दावी, धारदार वस्तू नजरेआड करा. रुग्णाला एकटं सोडू नका. त्यांच्याशी बोलत राहा. खाली बिभीषणची सही घेतली.

बिभीषणनं तो कागद भिंतीला चिकटवला आणि परीक्षेला बसल्यासारखा एकेक कलम पुरं करायला लागला. फवारणीचे डबे मेव्हण्याच्या घरी गेले. विळे, कुऱ्हाड, वस्तरा शेजाऱ्यांच्या पेटीत. दावी गेली, आडाच्या पोहऱ्याचा दोर गेला, कपडे वाळत घालायची दोरी गेली. शालू बिचारी धुणं कुडावर टाकायला लागली. पहिल्या आठवड्यात मी दर दोन दिवसांनी जाऊन बघत होते आणि शाबास म्हणत होते.

चौथ्या दिवशी त्यानं मला विचारलं, “वहिनी, दावी काढली, मंग शेरडं बांधू कशानं? अन् शेरडं ऱ्हायली तर दादा रानात जाणार. रानात बाभूळ हाय.”

“मग?”

“इकून टाकतो. किटकिटच मिटंल.”

मी मान डोलावली. विकू नको म्हणाले नाही, थांब म्हणाले नाही, मॅडमना विचारते म्हणाले नाही. मान डोलावली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण विसरायला ते फार सोपं आहे. सातही शेळ्या बाजाराच्या दिवशी पिकअपमध्ये गेल्या. आबा तेव्हा, मंगळवारी दाखवून आणलेल्या डॉक्टरांच्या गोळीनं, झोपले होते.

पुढच्या वेळी गेले तर बिभीषण नजर चुकवत होता. म्हणाला, “वहिनी, एक राह्यलं व्हतं. काल माझ्या ध्यानात आलं. पटका. नऊ हात कापड हाय ते, दाव्याहून लांब. अन् धोतर पण.”

“काढलं?”

“काढलं. आता इलास्टिकची हाफ चड्डी देली. काय करू? त्या कागदावर दोर लिव्हलंय, कापड लिव्हलं न्हाई, पण एकच झालं ना?”

मला कसंतरी झालं. पण त्याचं म्हणणं खोडून काढता येईना. कापड दाव्याहून लांबच होतं.

त्या महिन्याच्या बैठकीत माझं कौतुक झालं. मॅडमनी सगळ्या आशांसमोर सांगितलं, मनीषाताईंनी एक जीव वाचवला. टाळ्या वाजल्या. मला तुळशीची कुंडी मिळाली आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. कुंडी घेऊन एसटीत उभी होते तर कंडक्टरनं विचारलं, “काय बाई, लग्न लावायला निघाल्या का तुळशीचं?” मी हसले. खरंच खूश होते मी, खोटं कशाला बोलू?

आबांच्या घरी पुन्हा गेले ती पंधरा दिवसांनी, पुढच्या तपासणीला. कापूस फुटून पांढराफेक झाला होता आणि वेचणीला माणूस मिळत नव्हतं. शालू आठ दिवस घरी बसली, मग तीही रानात जायला लागली. एकटं सोडू नका, हे कलम तिनं आपल्या परीनं पाळलं होतं. बाहेरून कडी घालून जायची. आत टीव्ही चालू. लोकांना सांगितलं होतं, दादांना छातीचा त्रास आहे, कुणी येऊ नका; उगाच बाहेर काही कळायला नको. मी गेले तेव्हा ती नुकतीच रानातून आली होती. तिनं कडी काढली.

आबा खाटेवर बसले होते. निळी हाफ चड्डी, बनियन. मला पाहिलं आणि त्यांनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले. मला वाटलं डोकं दुखतंय. मग लक्षात आलं. मी या गावची सून, आणि त्यांचं डोकं उघडं होतं. टक्कल पडलेलं, पिटुकलं, ऊन कधीच न लागलेलं पांढरं डोकं. मी उन्हासाठी डोक्याला बांधलेली ओढणी काढून द्यायला निघाले आणि मधेच थांबले. ओढणी पण लांबच असते.

मी कागद काढला. आबांनी सगळा वेळ हात डोक्यावरून काढले नाहीत.

“झोप लागते का?”

“लागती.”

“भूक?”

“देतेत तवा खातो.”

“चिडचिड, घाबरल्यासारखं?”

“न्हाई.”

“आणि आबा, ते... जिवाचं काही मनात येतं का?”

“न्हाई.”

“खरंच न्हाई?”

“बिलकुल न्हाई, बाई. त्याच्यासाठी उठावं लागतं. नाल्यापस्तोर जावं लागतं.” टीव्हीवर कसलीशी जाहिरात लागली होती, त्यांनी तिकडं पाहिलंही नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “सांज झाली का?”

“होत आली.”

“हं,” म्हणाले. दाराकडं पाहिलं आणि पुन्हा जमिनीकडं.

मी उपकेंद्रात बसून उत्तरांच्या गुणांची बेरीज केली. पहिल्या वेळी एकोणीस आली होती. आता सात. मॅडमचा चेहरा उजळला. “ताई, बघा तरी! निम्म्याहून खाली आलं.”

तेव्हा मी सांगितलं. बाभूळ, सांज, शेरडं घरी कोण आणील, काळी पाणी पीत नाही. आबांच्या शब्दांत, जसंच्या तसं. मॅडमनी पेन खाली ठेवला.

“हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?”

“कागदावर रकाना आहे का त्याचा?” मी कडाडले. “कशानं मरणार ते विचारता. कशानं थांबला ते कुठं विचारता?”

तिचे डोळे भरले. तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई मी. चूक माझी होती आणि तोंड तिच्यावर सोडत होते. शेळ्या विकताना मान मी डोलावली होती, कागदानं नाही.

आम्ही दोघी तशाच बिभीषणकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. “परवा म्हणलात काढा. आता म्हणता आणा. बरं, आणतो. पटका देतो, शेरडं देतो, रानात धाडतो. उद्या बाप बाभळीला लटकला तर? तुमी लिहून देता का मला, काही व्हणार न्हाई म्हणून?”

मॅडम म्हणाली, “खात्री कुणीच देऊ शकत नाही, भाऊ. पण असं कोंडून...”

“मंग मी कसा देऊ?” तो म्हणाला. “माझा बाप हाय तो.”

लिहून देण्याची माझी छाती झाली नाही.

चार दिवस तो आमच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी सकाळी पिकअप माझ्या दारात उभी केली. “चला वहिनी. दादांनी कालपासून ताटाला हात लावला न्हाई. काळी तरी पाहू कुठं हाय.” सात शेळ्यांपैकी सहांचा पत्ताच नव्हता, त्या कुठं गेल्या असतील ते आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. काळी गाभण होती म्हणून वाचली होती. राजूरच्या अलीकडं बद्रीनाथ नावाच्या माणसाच्या गोठ्यात सापडली. त्याच्या हातापाया पडून परत आणली. येताना बिभीषण गाडी चालवताना गुणगुणत होता. मलाही वाटलं, जमलं आता. मागं काळी ओरडत होती आणि मला ते गाणं वाटत होतं.

दारात उतरवली तशी ती सरळ आत घुसली आणि खाटेपाशी जाऊन उभी राहिली. आबा कुशीवर पडले होते. गेल्या पाच दिवसांत गालाची हाडं वर आली होती.

“काळी हाय का?” ते म्हणाले.

“हो आबा! आणली बघा.”

त्यांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं. हात पुढं केला नाही. “बांधा तिला,” म्हणाले.

आणि आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं पाहत राहिलो. अख्ख्या घरात हातभर दोरी नव्हती. शालू आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. बिभीषण म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मोकळीच. कुठं जाती?”

ती गेली. दुपारभर अंगणात हुंगत फिरली आणि दिवस कलायला लागला तशी सवयीनं रानाच्या वाटेला लागली. बांधावर उभी राहून ओरडायला लागली. खाटेवर स्पष्ट ऐकू येत होतं. शालू उठायला निघाली, मी तिचा हात धरून खाली बसवलं. मी आबांच्या जवळ वाकले. त्यांचे शब्द मी मुद्दाम त्यांच्याच कानात घातले.

“आबा, काळी रानात गेली. सांज झाली. तिला घरी कोण आणील?”

ते ऐकत होते. दाराकडं पाहत होते. त्यांच्या पायाची बोटं हलली, मी पाहिली. माझा जीव त्या बोटांत अडकला. उठा, मी मनात म्हणत होते, उठा, शिव्या द्या, मला लाथ मारा, पण उठा. काळी पुन्हा ओरडली.

“आणील कुणीबी,” आबा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

काळीला शालूनं आणलं.

त्यानंतर सहाव्या दिवशी आबा गेले. तालुक्याला न्यायला गाडी बोलावली होती. ती यायच्या आत, भरदुपारी, टीव्ही चालू असताना. मॅडम आणि मी पोचलो तेव्हा बिभीषण पटका बांधत होता. पेटीतून काढलेला, घड्या पडलेला. आबांसारखा बांधणं कुणालाच येईना. तीनदा बांधला, तीनदा सोडला. शेवटी एका म्हाताऱ्यानं कसाबसा गुंडाळला. डोकं झाकलं गेलं, एवढंच.

गावातल्या मृत्यूची नोंद मीच कळवते. कारणाच्या रकान्यात मी ‘वृद्धापकाळ’ लिहिलं. खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेले. शालूनं चहा ठेवला. अंगणात पुन्हा धुण्याची दोरी लागली होती. बिभीषण समोर येऊन बसला आणि त्यानं हात जोडले.

“वहिनी, तुमचे उपकार जल्मभर फिटायचे न्हाईत. तुमी टायमावर सांगितलं. न्हाईतर गावानं म्हणलं असतं, पोरानं बापाला फास लावायला लावला. तोंड दाखवायला जागा राह्यली नसती. दादा आपल्या खाटेवर, नीट गेले. बस झालं.”

त्याच्या मागं काळी होती. नव्या कोऱ्या दाव्यानं खुंटीला बांधलेली. पुढ्यातल्या घमेल्यातलं पाणी तिनं अर्धं संपवलं होतं.

काय थांबवत होतं त्यांना, ते मला ठाऊक होतं, पहिल्या दिवसापासून. शेळ्या विकायला मान डोलावली तेव्हाही ते ठाऊक होतं, हे आता याला सांगायचं का? मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्याला खरंच बरं वाटत होतं.

“बरं,” मी म्हणाले, आणि चहा प्याले.